राष्ट्रगीतानंतरची सहा मिनिटं

मे महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम अठरा हजार रुपये, वर जीएसटी तीन हजार दोनशे चाळीस. हजर आम्ही तिघं: मुलुंडच्या मल्टिप्लेक्सचे मॅनेजर, माझी धाकटी बहीण आणि मी. केबिनमध्ये खुर्च्या दोनच होत्या, म्हणून मी पॉपकॉर्नच्या मक्याच्या पोत्यांना टेकून उभा होतो.

"सहा मिनिटं म्हणजे दहा-दहा सेकंदांचे छत्तीस तुकडे," मॅनेजर म्हणाले. "एका तुकड्याचे आठवड्याला पाचशे. तुमच्यासाठी सगळ्यात खालचा रेट लावलाय, सर."

"पण ही जाहिरात नाहीये," बहीण म्हणाली.

"मॅडम, पिक्चरच्या आधी जे लागतं त्याला आमच्याकडे जाहिरात म्हणतात."

"मी यात विकतेय काय?"

मॅनेजरांनी खरंच विचार केला. "ते तुम्ही सांगायचं," ते म्हणाले.

हिशोब बरोबर होता. छत्तीस गुणिले पाचशे अठरा हजारच होतात. मी तो उभ्या उभ्या दोनदा करून पाहिला, आणि चूक सापडली नाही म्हणून जास्त चिडलो. सरकत्या जिन्यानं खाली उतरताना बहीण म्हणाली, "दादा, आयुष्यभर लोक मला कार्टून म्हणाले, ते चाललं. माझ्या कार्टूनला जाहिरात म्हणणारा हा पहिलाच."

ती कांजूरमार्गला राहते आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं चित्रं काढते. परदेशातल्या मालिकांचं काम तिथे येतं. मुख्य चित्रं तिकडची माणसं काढतात. पात्राचा हात खाली आहे हे एक चित्र, हात वर गेला हे दुसरं. मधली आठ-दहा चित्रं इकडे काढायची. तिचा सगळा जन्म त्या मधल्या चित्रांत गेला. पूर्वी ती कागदावर काढायची, आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर पेननं काढते. तिची चित्रं कुठल्या कुठल्या देशांत मुलं बघतात, पण ती बघताना त्यांचे चेहरे कसे होतात हे तिला माहीत नाही. मालिकेच्या शेवटी नावं येतात, त्यात स्टुडिओचं नाव एका ओळीत असतं.

तीन वर्षं संध्याकाळी आणि रविवारी बसून तिनं स्वतःचं एक कार्टून केलं. सहा मिनिटांचं, संवाद नाहीत. कांजूरला कचऱ्याच्या डम्पिंगमुळे कावळ्यांना तोटा नाही, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक जोडपं दरवर्षी घरटं बांधतं: केबलच्या वायरी, कपड्यांचे तारेचे हँगर, काय मिळेल त्याचं. कार्टूनमध्ये तेच आहे. नवरा कावळा एकेक वस्तू आणतो, बायको बघते आणि खाली टाकते. शेवटी तो सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नाकावरचा चष्मा पळवून आणतो. बायको त्याच्याकडे बघते. तिथे दोन सेकंद काहीच हलत नाही. ना पंख, ना पापणी. मग ती चष्मा घालून घरट्यात बसते.

बहिणीचा सगळा जीव त्या दोन सेकंदांत होता. मधली चित्रं काढणाऱ्या बाईनं मुद्दाम एकही चित्र न काढलेली ती जागा. तिथे थिएटर हसतं का, एवढंच तिला ऐकायचं होतं. मी म्हटलं, यूट्यूबवर टाक, फुकट आहे, किती जणांनी पाहिलं ते आकड्यात कळतं. ती म्हणाली, "फोनवर एकटं कोण हसतं रे? फार तर नाकातून वारा सोडतात. मला तीन-चारशे खुर्च्यांच्या अंधारात ऐकायचंय. एकदा. मग टाकते यूट्यूबवर."

अंधेरीला एकदा पंधरा-वीस माणसांपुढे ते दाखवून झालं होतं, पण ती सगळी धंद्यातली. धंद्यातली माणसं हसत नाहीत, "टायमिंग छान आहे" म्हणतात. त्यांतल्या एका मराठी निर्मात्याला ते आवडलं. त्याचा कौटुंबिक पिक्चर जूनमध्ये लागायचा होता. परदेशातल्या मोठ्या कार्टून पिक्चरांच्या आधी हल्ली पुन्हा छोटं कार्टून येतं, आपणही तशी पद्धत परत आणू, माझ्या पिक्चरला तुमचे कावळे जोडा, असं तो म्हणाला. बहिणीनं सेन्सॉरचं सर्टिफिकेट काढलं, थिएटरला लागते तशी फाइल करून घेतली. मग कळलं की निर्मात्याच्या हातात त्याचा पिक्चर तेवढा असतो. त्याच्या आधीची मिनिटं थिएटरवाल्यांची.

ही मिनिटं कार्टूनच्या हातून कशी गेली, ते मी लहानपणीच पाहिलेलं आहे. आम्ही घाटकोपरला राहायचो. रविवारी सकाळी जवळच्या थिएटरात कमी दरात इंग्रजी पिक्चर लागायचा आणि बाबा आम्हा दोघांना न्यायचे. इंग्रजी कोणाला कळत होतं? आम्ही जायचो कार्टूनसाठी. आधी सरकारी माहितीपट असायचा: धरण, देवीची लस, कुक्कुटपालन. तेवढा वेळ अर्धं पब्लिक बाहेर विड्या ओढत उभं. मग डोअरकीपर पडदा बाजूला करून बाहेर तोंड काढायचा आणि म्हणायचा, "कार्टून लागलं." त्याबरोबर मोठमोठी माणसं विड्या विझवून आत धावायची. लुंगीतली, ऑफिसातली, कोणीही. एक म्हातारा कुत्रा आणि त्याच्या नाकावर बसणारी माशी असं काहीतरी असायचं, आणि अख्खं थिएटर एकाच वेळी हसायचं. बहीण तेव्हा सहा वर्षांची. ती पडद्याकडे कमी आणि मागे वळून लोकांकडे जास्त बघायची. बाबा तिची मान धरून पुढे करायचे.

पुढे एका रविवारी कार्टून आलंच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबांनी मालकाला गाठलं. तो गल्ल्यावरच बसलेला असायचा. तो म्हणाला, "साहेब, कार्टूनच्या रिळाला मी भाडं भरायचं. साबणवाल्याची स्लाइड लावली तर तो मला भाडं भरतो. तुम्ही अकाउंटवाले ना? तुम्हीच सांगा." बाबा आम्हाला घेऊन परत आले. घरी टीव्ही आला होता, त्यावर रविवारी कार्टून दिसायचं, त्यामुळे कोणी फार तक्रारही केली नाही. मालकाचं गणित चुकीचं नव्हतं. मुलुंडच्या मॅनेजरांचंही नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर मला बरोबर गणितांचाच जास्त राग येऊ लागला आहे.

अठरा हजार भरायला बहीण तयार नव्हती, आणि मी भरतो म्हटल्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. पिक्चर लागायच्या आठवड्यात मॅनेजरांचाच फोन आला. शुक्रवारी-शनिवारी मराठी पिक्चरच्या तीन खेळांना जाहिरातींच्या काही जागा विकल्या गेलेल्या नाहीत, तिथे लावून टाकतो, पैसे नकोत. माणूस वाईट नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही गेलो. बहीण, मी आणि माझी बायको. आमच्या घरात छापलेल्या वेळेत वीस मिनिटं मिळवून थिएटरात जायची पद्धत आहे. जाहिराती किती वेळ चालतात हे मी पाच-सहा पिक्चरना घड्याळ लावून पाहिलं होतं आणि तो आकडा आता आमच्या बिल्डिंगमध्येही सगळे वापरतात. त्या दिवशी आम्ही वेळेवर गेलो, आणि आमच्याशिवाय आत एकोणीस माणसं होती. दिवे अर्धे चालू. तंबाखूची सूचना झाली, दागिन्यांची जाहिरात झाली, गुडघेदुखीचं तेल झालं, आणि कावळे आले.

लोक येत होते. मोबाइलचे टॉर्च मारत, खुर्च्यांचे नंबर वाचत, "एच बारा कुठाय?" करत. आमच्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला म्हणाली, "कसली जाहिरात आहे ही?"

"फेव्हिकॉलसारखं काहीतरी असेल. शेवटी कळतं."

शेवटी काहीच कळलं नाही, कारण कावळीनं चष्मा घातल्या घातल्या बँकेच्या कर्जाची जाहिरात सुरू झाली. त्या दोन सेकंदांत एक माणूस कोल्ड्रिंकचे ग्लास सांभाळत आमच्या गुडघ्यांवरून आत गेला. त्यानंतर दिवे पूर्ण गेले, राष्ट्रगीत लागलं, सगळे उभे राहिले. बसले तेव्हा खुर्च्या बऱ्यापैकी भरलेल्या होत्या आणि माणसं गप्प झाली होती. पिक्चर सुरू झाला.

बायको माझ्या कानात म्हणाली, "लोक राष्ट्रगीताची वेळ मोजून येतात."

तेच होतं. आपल्याकडे पिक्चर कधी सुरू होतो ते तिकिटावर लिहिलेलं नसतं, राष्ट्रगीतावर कळतं. आधीचं ते सगळं जाहिरात, नंतरचं ते पिक्चर. लोकांना हे कोणी शिकवलेलं नाही, पण पक्कं माहीत आहे. मीसुद्धा वीस मिनिटं मोजत होतो ती दुसरं काय होतं?

इंटरव्हलला मी मॅनेजरांना गाठलं. म्हटलं, कार्टून राष्ट्रगीतानंतर लावा. एवढंच करा.

"नाही होत, सर. राष्ट्रगीतानंतर फक्त पिक्चर."

"हा पिक्चरच आहे. सर्टिफिकेट आहे त्याला."

"सर्टिफिकेट गुडघ्याच्या तेलालापण आहे."

"त्यावर लघुपट असं लिहिलंय. तुम्ही वाचलंय का?"

"वाचलंय सर. सिस्टममध्ये लघुपट असा रकानाच नाही. जाहिरात, ट्रेलर, पिक्चर. तीनच."

"मग निर्मात्याच्या फाइलमध्ये सुरुवातीला जोडून देतो."

"मग पिक्चरची लांबी बदलली. लांबी बदलली की त्याचं सर्टिफिकेट बदललं. पिक्चर आज लागलाय, सर."

प्रत्येक उत्तर तयार होतं आणि प्रत्येक खरं होतं. मी त्यांच्या हेड ऑफिसला मेल केला. शनिवारी दुपारी उत्तर आलं की आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. शनिवारचे दोन खेळ तसेच गेले. बहीण दोन्हींना एकटी जाऊन बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "दुपारी एक माणूस हसला. फोनवर बोलत होता."

शनिवारी ती रात्रीच्या जेवणाला आमच्याकडेच होती. मी पोळी तोंडात धरून हेड ऑफिसचा मेल तिसऱ्यांदा वाचून दाखवत होतो. बायको म्हणाली, "अहो, ठेवा तो फोन. राष्ट्रगीतानंतर फक्त पिक्चर लागतो ना? मग हिच्या कार्टूनचं वेगळं तिकीट काढा. तिकीट निघालं की झाला पिक्चर."

"सहा मिनिटांचं तिकीट कोण घेणार वहिनी?" बहीण म्हणाली.

"तुझा भाऊ घेईल. त्याला पावती लागते."

मी जेवण अर्धवट ठेवून मॅनेजरांना फोन लावला. बायकोची युक्ती त्यांना सांगितली. ते म्हणाले, "बघतो," आणि सिस्टम उघडून सांगू लागले. रविवारी सकाळी साडेदहाच्या खेळाला जाहिराती कमी असतात. त्या दहा-चाळीसपर्यंत संपतात. मग बहिणीचं कार्टून स्वतंत्र पिक्चर म्हणून लावायचं आणि ते संपलं की निर्मात्याचा पिक्चर. "पण दोन गोष्टी आहेत, सर. सिस्टम म्हणते, तिकीट गेलं नाही तर खेळ आपोआप कॅन्सल. एक तरी तिकीट घ्या. आणि पिक्चर दोन, म्हणून राष्ट्रगीत दोनदा लागेल. ते मला काढता येत नाही."

"लागू दे," मी म्हटलं.

मी त्याच वेळी तिकीट काढलं. शंभर रुपये, वर ऑनलाइनचे अठरा.

रविवारी सकाळी दहा-चाळीसला मी माणसं मोजली. एकशे बारा. सुट्टीचा दिवस, घरंच्या घरं आली होती, आजोबा, लहान मुलं, सामोसे. बहीण शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसली, म्हणजे मागून सगळ्यांचा आवाज ऐकू येतो. दिवे पूर्ण गेले. राष्ट्रगीत लागलं, सगळे उभे राहिले, बसले आणि गप्प झाले. पुढची सहा मिनिटं कोणी टॉर्च मारला नाही.

पहिला हँगर खाली पडला तेव्हा मुलं हसली. दुसऱ्याला मोठी माणसंही. सेक्रेटरीचा चष्मा गेला तेव्हा आमच्या पुढचे एक गृहस्थ, बहुधा कुठल्यातरी सोसायटीचे सेक्रेटरीच असावेत, मोठ्यानं "अरे अरे" म्हणाले. मग कावळी बघते ती जागा आली. थिएटर शांत. पूर्ण शांत. मी बहिणीकडे पाहायचं टाळलं. दोन सेकंद गेले, कावळीनं चष्मा घातला, आणि मग हसू आलं. मोठं आलं, मागच्या रांगांपासून पुढच्यापर्यंत. पण उशिरा आलं. तोवर ती घरट्यात बसली होती आणि अक्षरं वर चढायला लागली होती. शेवटच्या चित्रावर तिनं केलेली एक बारीक गंमत त्या हसण्यात कोणाला दिसलीच नाही.

लगेच राष्ट्रगीत लागलं. एकशे बारा माणसं सामोसे हातात धरून पुन्हा उभी राहिली. कोणी काही बोललं नाही, राष्ट्रगीतात कोण बोलणार, पण माना इकडेतिकडे वळत होत्या. खाली बसल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "पप्पा, संपला पिक्चर?"

"नाही गं. आता दुसरा."

"हा एवढाच होता?"

"एवढाच. बरा होता की."

मी बहिणीकडे वळून म्हटलं, "हसले."

"चुकीच्या जागी हसले."

"अगं, हसले ना?"

"दादा, त्यांना बघायला वेळ लागला. कावळी बघतेय हे आधी कळायला वेळ लागतो, मग हसायला. दोन सेकंद कमी पडले. मी ते माझ्या टेबलावर बसून ठरवले होते. टेबलावर मी एकटीच होते ना." निर्मात्याच्या पिक्चरभर ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मला तो पिक्चर आठवत नाही.

सोमवारी मॅनेजरांचा फोन आला. हेड ऑफिसनं विचारलं होतं की एकाच खेळाच्या वेळात राष्ट्रगीत दोनदा का वाजलं, आणि सहा मिनिटांचा खेळ कोणी टाकला. त्यांनी कसंबसं उत्तर दिलं होतं. "पुन्हा नाही जमणार, सर. मॅडमना सांगा, लोकांना आवडलं. मी बाहेर ऐकत होतो." मी म्हटलं, तुमच्या रिपोर्टात तेवढं लिहा. ते म्हणाले, तसा रकाना नाही.

मी बहिणीला म्हटलं, झालं, तुला ऐकायचं होतं ते ऐकलंस, आता यूट्यूबवर टाक. तिनं ऐकलं नाही. ज्या जागेसाठी ती तीन वर्षं बसली, ती जागा चुकली हे तिला एकशे बारा माणसांनी सांगितलं होतं, आणि ते तिला दुसऱ्या कोणाकडून कळलं नसतं. ती दोनाचे चार सेकंद करणार होती. मी तिला सांगितलं की लांबी बदलली की सेन्सॉरला पुन्हा कळवावं लागेल, थिएटरची फाइल पुन्हा करावी लागेल, आणि ते दाखवायला आता थिएटरही नाही. प्रत्येक मुद्दा खरा होता. ती म्हणाली, "तू त्या मॅनेजरसारखा बोलायला लागलायस."

चित्र वाढवायला तिला अर्धा दिवस पुरला, कारण नवीन काही काढायचंच नव्हतं. पण त्या वाढीव दोन सेकंदांत मागचा आवाज तुटत होता: लांबचा हॉर्न, कुकरची शिट्टी, इतर कावळे. तो सलग करून घ्यायला ती पुढच्या शनिवारी अंधेरीच्या एका साउंड स्टुडिओत गेली, आणि मी बरोबर गेलो. काम सव्वा तासात झालं.

कार्टूनपायी मल्टिप्लेक्सला अखेर गेले एकशे अठरा रुपये, एका तिकिटाचे, मी दिले. साउंड स्टुडिओला गेले चार हजार, दोन सेकंदांचे. मी पाकीट काढलं होतं, पण बहिणीनं स्वतः दिले, रोख, आणि पावती स्वतःच्या नावानं मागून घेतली.